कौतुकाच्या पाकिटात दडलेली विनंती

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पन्नाशीतल्या एका वाचक ताईंनी वर्षाच्या सुरुवातीला ठरवलं, की ज्यांच्या कामाने आपल्याला काही दिलं अशा नामवंतांपैकी एकाला दर महिन्याला स्वहस्ते पत्र लिहायचं. लेखक, गायिका, खेळाडू, निवृत्त न्यायाधीश, एक परदेशी कादंबरीकार अशा सगळ्यांना पत्रं गेली. एका कार्यालयाकडून छापील आभारपत्र आलं, बाकी सगळीकडे शांतता. घरचे म्हणतात, "त्यांना ढिगाने पत्रं येतात, तुझं कोण वाचणार?" गेले दोन महिने कुणाला लिहावं हेच सुचेना, तेव्हा नेम मोडू नये म्हणून त्यांनी ओढूनताणून लिहिलं. एका कवीला लिहिताना त्यांनी स्वतःच्या चार कविताही जोडल्या. ज्या लेखकाला सगळ्यात मनापासून लिहिलं, त्यांचं नंतरचं एक जाहीर विधान त्यांना फार लागलं, आणि आता त्या पत्राचीच लाज वाटते. त्या विचारतात, "मला कुणाकडून काहीही नको होतं. मग उत्तर न आल्याचं एवढं का लागतं? संकल्प चालू ठेवू की सोडून देऊ? आणि हे सगळं म्हणजे मोठ्या माणसांच्या पुढेपुढे करणं तर नाही ना?"

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनातून गेला की बाकीचं बोलणं सोपं होईल. नाही, हे पुढेपुढे करणं नाही. पुढेपुढे करणाऱ्याला समोरच्याच्या हातात काय आहे हे पक्कं ठाऊक असतं आणि त्याची नजर त्यावरून हलत नाही. तुम्ही तर एका निवृत्त न्यायाधीशांना त्यांच्या जुन्या निकालपत्राबद्दल लिहिलंत. ते आता कुणाला काही देण्याच्या जागेवर नाहीत. ज्याच्या कामाचा आपल्याला आधार झाला त्याला ते कळवावं, असं पुष्कळांना वाटतं आणि बहुतेकांच्या मनातच राहून जातं. तुम्ही ते कागदावर उतरवलंत, पत्ता शोधलात, पाकिटावर तिकीट लावलंत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण "मला कुणाकडून काहीही नको होतं" या तुमच्या वाक्यापाशी मात्र मला थांबावंसं वाटतं. बहुतेक पत्रांबाबत ते खरं असेल. कवींना लिहिलेल्या पत्राबाबत ते पुरतं खरं नाही. चार कविता सोबत ठेवल्या की पत्राचा अर्थच बदलतो. वरच्या दोन पानांत तुम्ही त्यांच्या कवितेबद्दल कितीही जीव ओतून लिहिलं असेल, पाकीट उघडणाऱ्याला शेवटी त्या चार कविता दिसतात आणि मग आधीचं सगळं कौतुक त्याला प्रस्तावनेसारखं वाटू लागतं. यात अन्याय तुमच्यावरच होतो, कारण ते कौतुक खरं होतं. जरा शांतपणे आठवून पाहा: खेळाडूने उत्तर दिलं नाही याचं किती वाईट वाटलं, आणि कवींनी दिलं नाही याचं किती? माझा अंदाज असा, की तुम्हाला सगळ्या पत्रांचं सारखं लागलेलं नाही. जिथे न बोलता काहीतरी मागितलं होतं, तिथलं मौन जास्त बोचतंय.

आणि मागण्यात काहीच गैर नाही, हे मला ठासून सांगायचंय. निरपेक्ष असणं म्हणजेच चांगलं असणं, असं आपण धरून चालतो आणि मग साधी विनंतीसुद्धा लपवतो. लपवलेली विनंती समोरच्याला धड स्वीकारता येत नाही आणि धड नाकारताही येत नाही. त्यामुळे तो गप्प बसतो.

उघड विनंती कशी असते, हे पाहायचं तर भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोसांचं पत्र पाहावं. ४ जून १९२४ रोजी ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या, तिशीतल्या बोसांनी आइन्स्टाइनना पत्र लिहिलं. प्रत्यक्ष ओळख नव्हती. सोबत शोधनिबंध होता आणि म्हणणं स्वच्छ होतं: हा वाचून मत सांगा, छापण्याजोगा वाटला तर जर्मन नियतकालिकात छापला जाईल असं पाहा, तो जर्मनमध्ये आणण्याइतकी भाषा मला येत नाही. अनोळखी असूनही विनंती करायला मला संकोच वाटत नाही, कारण तुमच्या लेखनातून शिकलेले आम्ही सगळे तुमचे विद्यार्थीच आहोत, असंही त्यांनी लिहिलं. शेवटी त्यांनी एक आठवण करून दिली. सापेक्षतेवरच्या लेखांचं इंग्रजी भाषांतर करायची परवानगी कलकत्त्याहून कुणीतरी मागितली होती, ती आपण दिलीत. त्यातल्या व्यापक सापेक्षतेच्या लेखाचं भाषांतर मी केलं आहे, असं त्यांनी कळवलं. आइन्स्टाइननी बोसांचा निबंध स्वतः जर्मनमध्ये आणला आणि तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

या पत्रात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शेवटचा तपशील. बोसांनी आइन्स्टाइनना थोर म्हणण्यात ओळी खर्च केल्या नाहीत. त्यांच्या लेखाशी आपण किती काळ झुंजलो याचा पुरावा एका वाक्यात दिला. विनंतीही अशी होती की तिला हो किंवा नाही म्हणता येईल.

फ्रान्त्स काप्पुस या लष्करी विद्यालयातल्या तरुणाचंही तसंच. त्याने १९०२ च्या अखेरीस कवी रिल्केंना पत्र लिहिलं, सोबत आपल्या कविता पाठवल्या आणि मत उघड विचारलं. फेब्रुवारी १९०३ मध्ये उत्तर आलं. त्यात कवितांची चिकित्सा करायला रिल्केंनी नकारच दिला होता; बाहेर विचारत फिरण्यापेक्षा आत पाहा, असा त्याचा सूर होता. तरी पत्रव्यवहार पुढे १९०८ पर्यंत चालला. मागितलं ते मिळालं नाही, दुसरंच काही मिळालं, कारण विचारणाऱ्याने आपलं मन झाकून ठेवलं नव्हतं.

ही उदाहरणं तुमच्यापुढे ठेवताना एक इशारा द्यायलाच हवा. उत्तर आलेली पत्रंच आपल्यापर्यंत पोचतात, अनुत्तरित राहिलेल्यांची नोंद सहसा कुठे होत नाही. रामानुजनांनी जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेलं पत्र सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी केंब्रिजच्याच बेकर आणि हॉब्सन या दोन गणितज्ञांना त्यांनी लिहिलं होतं आणि तिथून काही मदत झाली नव्हती, हे फारसं कुणी सांगत नाही. पत्र रामानुजनांचं असूनही असं होतं.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की कौतुकाचं पत्र आणि विनंतीचं पत्र एका पाकिटात घालू नका. कौतुकाच्या पत्रात काहीही मागू नका. मत नको, स्वाक्षरी नको, "वेळ मिळाल्यास दोन ओळी लिहाव्यात" हेही नको. विनंती करायची असेल तर ती पहिल्या परिच्छेदात, एकच, आणि दहा मिनिटांत पुरी करता येईल एवढी. एडमंड विल्सन या अमेरिकी समीक्षकाने तर नकाराचं कार्डच छापून घेतलं होतं. हस्तलिखितं वाचणं, प्रस्तावना लिहिणं, स्पर्धांचं परीक्षण, मुलाखती, अनोळखी लोकांसाठी पुस्तकांवर सह्या, स्वतःची छायाचित्रं पुरवणं, यातलं काहीही आपल्याला शक्य नाही, असं त्यावर लिहिलेलं असे. काहींना ते उर्मट वाटतं. मला मात्र त्या यादीत एका लिहित्या माणसाचे संपून चाललेले तास दिसतात. आपल्याला आवडलेलं काम ज्या तासांत होतं, त्याच तासांतून प्रत्येक उत्तराचा वेळ निघतो.

तुमच्या कवितांसाठी योग्य वाचक नियतकालिकांचे संपादक. अप्रकाशित लेखन वाचणं हा त्यांच्या कामाचा भाग आहे. कवींना आता स्मरणपत्र मात्र पाठवू नका.

आता संकल्पाबद्दल. "दर महिन्याला एक" यातला नेम मला आवडला, कारण नेम नसता तर ही पत्रं कधीच लिहिली गेली नसती. पण तुम्ही तो चुकीच्या जागी बसवलाय असं वाटतं. कृतज्ञता तारीख पाहून येत नाही. गेल्या दोन महिन्यांत सुचत नव्हतं तेव्हा तुम्ही कुणाला लिहिलंत, हे तुमच्या पत्रात नाही, आणि ते तुम्हालाही पटकन आठवणार नाही अशी मला शंका आहे. ज्याचं नाव आठवत नाही त्याला लिहिलेलं पत्र त्यालाही आठवणार नाही. नेम पाठवण्याचा ठेवू नका, बसण्याचा ठेवा. महिन्यातली एक संध्याकाळ ठरवून वही घेऊन बसा आणि या महिन्यात कशाने अडवलं, कोणतं पान पुन्हा उलटलं, कोणत्या वाक्याशी भांडण झालं, कोणाचा खेळ पाहताना श्वास रोखला गेला, एवढंच टिपा. त्यातून पत्र तयार झालं तर लिहा. एखाद्या महिन्यात दोन होतील, एखाद्या महिन्यात एकही होणार नाही, आणि तरीही संकल्प मोडला असं होणार नाही. मला तर वाटतं, या संकल्पाची खरी कमाई त्या वहीतच होते. कुणाला तरी नेमकं सांगायचंय हे डोक्यात असलं, की आपण वाचतो ते वेगळ्याच एकाग्रतेने.

लिहिलेलं पत्र चार-सहा दिवस तसंच ठेवा. मग वाचताना विशेषणं मोजा. "अप्रतिम", "अलौकिक", "शब्दातीत" हे शब्द समोरच्याने हजारदा वाचले असतील, आणि त्यातून तुमच्याबद्दल त्याला काहीच कळत नाही. त्याला माहीत नसलेली एकच गोष्ट तुमच्याकडे आहे: त्याचं काम तुमच्या आयुष्यात नेमकं कुठे जाऊन बसलं. "तुमचं गाणं दैवी आहे" याऐवजी "आईच्या आजारपणात रात्री जागताना मी तुमचं एकच ध्वनिमुद्रण लावत असे, आणि दुसऱ्या अंतऱ्याआधी तुम्ही जी जागा मोकळी सोडता तिची वाट पाहत असे" असं लिहिलंत, तर गायिकेला काहीतरी नवं मिळेल. ती जागा तिने विचार करून सोडलेली असते, आणि ती कुणाच्या लक्षात आली की नाही हे तिला कळायला दुसरा मार्ग नसतो. डार्विननी लिहिलेली आणि त्यांना आलेली मिळून पंधरा हजारांहून अधिक पत्रं आज ज्ञात आहेत. त्यांच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्यांत नामांकित शास्त्रज्ञ होते तसेच कबुतरं पाळणारे, बागकाम करणारे लोकही होते. त्या लोकांनी स्वतः पाहिलेलं डार्विनना हवं होतं, आणि ते त्यांनी आपल्या ग्रंथांत वापरलं. तुमच्या पत्रातही तुम्ही स्वतः पाहिलेलं, अनुभवलेलं असं काहीतरी हवं. शिक्षिका असाल तर वर्गात तो निबंध शिकवताना मुलं कुठे गप्प झाली ते लिहा. परिचारिका असाल तर त्या कादंबरीतला रुग्णालयाचा प्रसंग कुठे बरोबर उतरला आणि कुठे नाही, तेही लिहा. "कुठे नाही" हे लिहायला घाबरू नका.

हल्ली असं पत्र यंत्राकडून दोन मिनिटांत लिहून घेता येतं. ते नीटनेटकं असेल, पण त्यात तुमची ती रात्र नसेल. लिहिता येत नाही असं वाटणाऱ्या वाचकांनाही मी हेच सांगेन: तीन मोडकीतोडकी वाक्यं चालतील, ती तुमची असू द्या.

घरच्यांच्या प्रश्नाकडे येते. "त्यांना ढिगाने पत्रं येतात" हे चित्रपटातल्या ताऱ्यांबाबत, गाजलेल्या खेळाडूंबाबत बरोबर आहे. तिथे पत्र बहुधा साहाय्यकाच्या हाती पडतं आणि छापील आभारपत्र हीच त्यांच्या परीने पोच असते. तिचा अपमान वाटून घेऊ नका. पण सार्वजनिक जीवनातल्या सगळ्यांना ढिगाने पत्रं येतात हे गृहीतक तपासून पाहायला हवं. तुम्ही त्या परदेशी कादंबरीकाराला लिहिलंत आणि मराठीत वाचलेले दोन परिच्छेद कसे मनात राहिले ते सांगितलंत. ते परिच्छेद तुमच्यापर्यंत ज्यांनी आणले त्या अनुवादकाला कुणी लिहिलं असेल? साथसंगत करणाऱ्या वादकाला? शब्दकोश सिद्ध करण्यात वर्षं घालवणाऱ्या संपादकाला? निर्णायक क्षणी अचूक निर्णय देणाऱ्या पंचांना? हीही सार्वजनिक माणसंच आहेत, त्यांचं नाव छापलेलं असतं, फक्त ते लहान अक्षरात असतं. तुमच्या यादीतली निम्मी नावं अशी असावीत असं मला मनापासून वाटतं. प्रसिद्धीच्या शिखरावरच्या माणसापेक्षा, ज्याचं शेवटचं पुस्तक येऊन बरीच वर्षं झाली आहेत त्याला लिहा. पुरस्कार मिळाल्याच्या आठवड्यात लिहू नका, सहा महिन्यांनी लिहा. आणि वयोवृद्धांना लिहायचं असेल तर सहा महिने थांबूही नका.

त्या लेखकांच्या विधानाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, आणि त्याने तुम्हाला किती दुखावलं हे तुमच्या अक्षरातही दिसत होतं. पत्र लिहिलंत तेव्हा तुम्ही त्यांच्या एका पुस्तकाबद्दल लिहिलंत. ते पुस्तक तुमच्या आयुष्यात खरंच घडलं होतं, आणि नंतरच्या विधानाने ते घडलं नव्हतं असं होत नाही. लाज वाटते ती कदाचित यामुळे, की आपण पुस्तकासोबत सगळ्या माणसालाच हमी दिली असं तुम्हाला वाटतंय. पुढच्या पत्रांत ही काळजी घेता येईल: "तुम्ही थोर आहात" असं न लिहिता "तुमच्या या कामाने मला हे दिलं" असं लिहायचं. ते वाक्य कायम खरं राहतं.

आणखी एक वाट आहे. आदर आणि असहमती एकाच पत्रात मांडता येते. १ ऑक्टोबर १९०९ रोजी गांधीजींनी लंडनहून टॉल्स्टॉयना पहिलं पत्र लिहिलं. टॉल्स्टॉयना ते किती मानत होते हे वेगळं सांगायला नको. भारतीय स्वातंत्र्याच्या प्रश्नावर टॉल्स्टॉयनी लिहिलेलं एक दीर्घ पत्र छापून वाटण्याची परवानगी ते मागत होते. तरीही त्याच पत्रात त्यांनी पुनर्जन्माबद्दलच्या उल्लेखावर आपली हरकत नोंदवली आणि तो शब्द वगळता येईल का, असं विचारलं. टॉल्स्टॉय रागावले नाहीत. त्यांनी उत्तर दिलं, आणि हा पत्रव्यवहार टॉल्स्टॉय नोव्हेंबर १९१० मध्ये जाईपर्यंत सुरू राहिला. तुम्हालाही त्या लेखकांना दुसरं पत्र लिहिता येईल: "तुमच्या पुस्तकाने मला जे शिकवलं त्याच्याशी तुमचं हे विधान जुळत नाही, आणि मला ते का लागलं ते सांगते." राग ओसरल्यावर लिहा, एकदाच लिहा, आणि फक्त त्यांनाच लिहा. जाहीर पत्र म्हणून चार लोकांना दाखवलंत, तर ते पत्र त्यांच्यासाठी राहणार नाही. लिहावंसं वाटलं नाही तरी चालेल. उत्तर देणं जसं त्यांच्यावर बंधनकारक नाही, तसं हेही तुमच्यावर नाही.

असाच संकल्प करू पाहणाऱ्यांसाठी थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. पत्र प्रकाशक, विद्यापीठ, संस्था किंवा अधिकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. घरचा पत्ता कुठून हाती लागला तरी तो वापरू नका, आणि पत्र द्यायच्या निमित्ताने दारात तर जाऊच नका. एक पान पुरे, फार तर दोन. अक्षर कठीण असेल तर टंकलिखित करून खाली हाताने सही करा. ज्यांनी स्वतः ईमेल पत्ता जाहीर केलाय त्यांना ईमेल केला तरी काही कमी होत नाही. भेटवस्तू टाळा, कारण ती घेणाऱ्यावर ओझं टाकते. पत्राची प्रत स्वतःकडे ठेवा. अल्पवयीन मुलं लिहिणार असतील तर मोठ्यांनी पत्र पाहावं आणि घरचा पत्ता, फोन न देता शाळेच्या किंवा पालकांच्या मार्फत पाठवावं. आणि एकाच व्यक्तीला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटू लागलं, ती कुठे जाते, कुणाला उत्तर देते याचा माग काढावासा वाटू लागला, तर तिथे थांबा आणि जवळच्या माणसाशी बोला. अशा वेळी आपल्याला बहुधा सोबत हवी असते, आणि ती अनोळखी माणसाकडून पत्रातून मिळणं कठीण असतं.

तेव्हा संकल्प सोडू नका, बदला. आणि पुढेमागे एखादं उत्तर आलंच, तर दोन ओळींत पोच द्या आणि तिथेच थांबा. उत्तर आलं म्हणजे मैत्री झाली असं नाही; पुढचा प्रश्न त्यांनी विचारला असेल तरच पुढे लिहा. ते उत्तर समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह होईल. आलेला कागद तुमचा असतो, पण त्यावरच्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो, आणि हक्काचं बाजूला ठेवलं तरी, ते शब्द त्यांनी एका वाचकासाठी लिहिलेले असतात. घरच्यांना जरूर दाखवा. बाहेर छापायचं असेल तर आधी परवानगी मागा. तेवढ्यासाठी पाठवलेलं दुसरं पत्र अगदी योग्य ठरेल, आणि त्यातली विनंती पहिल्याच ओळीत लिहा.